शूबिल बघायला आफ्रिकेत जायचंय? मग सुरुवात पाण्यापासून करा



पक्षीनिरीक्षणाची गोडी अलीकडे आपल्याकडे चांगलीच वाढली आहे. ५ ते १२ नोव्हेंबर या काळात शाळाशाळांतून पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा. मुलं दुर्बिणी हातात घेतात, वहीत नोंदी करतात, घरी जाऊन आईबाबांना पक्ष्यांची नावं सांगतात. आनंदाचीच गोष्ट आहे. यातूनच, ज्यांना परवडतं अशी काही कुटुंबं आता थेट आफ्रिकेतल्या पक्षी सहलीचा विचार करू लागली आहेत. आणि पक्षीवेड्यांची आफ्रिका म्हटली की एक नाव हमखास पुढे येतं, युगांडा. त्यातही एक जागा, मबांबाची पाणथळ. आणि तिथला एक पक्षी, शूबिल.

अशा सहलीचं नियोजन सहसा कसं होतं? आधी पक्ष्याचा फोटो दिसतो. मग 'हा दिसलाच पाहिजे' असं ठरतं. मग तारखा, विमान, हॉटेल. शेवटी एखाद्या प्रवास कंपनीचं पॅकेज. मुलांच्या वाट्याला काय येतं, तर बॅग भरणं आणि गाडीत बसणं.

माझं मत असं आहे की ही सुरुवातच उलटी आहे. पाणथळीच्या सहलीचं नियोजन पक्ष्यापासून नव्हे, पाण्यापासून सुरू व्हायला हवं. आणि ते मुलांच्या हातून व्हायला हवं, मग सहल प्रत्यक्षात होवो किंवा फक्त कागदावर राहो. असं का, ते मबांबाच्याच उदाहरणातून मांडते.

मबांबा कुठे आहे?

नकाशा काढा. आफ्रिकेच्या पूर्व भागात विषुववृत्तावर एक मोठं निळं सरोवर दिसेल. ते व्हिक्टोरिया सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आफ्रिकेतलं सर्वात मोठं. युगांडा, केनिया आणि टांझानिया या तीन देशांत ते विभागलेलं आहे. एवढं मोठं असूनही ते उथळ आहे, जास्तीत जास्त खोली साधारण ८० मीटर. याच्या उत्तर काठावर एंटेबे शहर आहे. युगांडाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ तिथेच. मुंबईहून एंटेबे सरळ रेषेत सुमारे ४,९०० किलोमीटर पडतं.

एंटेबेच्या पश्चिमेला सरोवराचा एक फाटा आत शिरतो. तिथे पपायरसच्या दाट बेटांमधून पाण्याच्या अरुंद वाटा गेल्या आहेत. हीच मबांबाची पाणथळ. क्षेत्रफळ सुमारे २,४२४ हेक्टर. २००६ साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रामसर म्हणजे इराणमधलं एक गाव. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तिथे पाणथळींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. आपलं नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर, बुलढाण्याचं लोणार आणि ठाण्याची खाडी हीसुद्धा याच यादीत आहेत. म्हणजे मबांबा आणि नांदूर मधमेश्वर हे एका अर्थाने एकाच वर्गातले विद्यार्थी!

पक्ष्याआधी पाणी का?

आता शूबिलकडे येऊ. हा पक्षी उभा राहिला की साधारण ११० ते १४० सेंटिमीटर उंच, म्हणजे आपल्या पहिली-दुसरीतल्या मुलाएवढा. रंग राखाडी. आणि चोच? जाडजूड लाकडी खडावेसारखी, टोकाला आकडा. अरबी भाषेत त्याला 'अबू मरकूब' म्हणतात, म्हणजे वहाणेचा बाप. मुलांना हे नाव सांगून बघा, जन्मभर विसरणार नाहीत.

पण या पक्ष्याची एक सवय अशी आहे की उत्साहाने गेलेला पाहुणा कंटाळू शकतो. तो तासन् तास हलत नाही. पुतळ्यासारखा उभा. फोटो काढणारा दहा मिनिटांत विचारतो, "हा काही करणार आहे की नाही?"

याचं उत्तर पक्ष्यात नाही, पाण्यात आहे. पपायरस ही आपल्या नागरमोथ्याच्याच कुळातली वनस्पती, फक्त चार-पाच मीटर उंच वाढणारी. प्राचीन इजिप्तमध्ये तिच्यापासून लिहायचे पट्टे बनवत, इंग्रजीतला 'पेपर' हा शब्द तिच्याच नावावरून आला. तर या पपायरसचा पालापाचोळा पाण्यात पडतो, कुजतो. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपत जातो. अशा पाण्यात नेहमीच्या माशांची घुसमट होते. टिकतात ते हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे. एक फुप्फुसमासा, ज्याला खरोखरच फुप्फुसं असतात. दुसरा मागूर, आपल्याकडच्या मागुराचा आफ्रिकन भाऊबंद. या माशांना श्वासासाठी अधूनमधून वर यावंच लागतं. आणि शूबिल त्याच क्षणाची वाट बघत उभा असतो! मासा वर आला की हा अख्खा पक्षी चोचीसकट पाण्यात कोसळतो.

बघा, केवढी साखळी आहे ही. पपायरस, कुजणारा पाला, प्राणवायूची कमतरता, वर येणारा मासा आणि मग पक्षी. ज्या मुलाने ही साखळी घरीच समजून घेतली आहे ते मूल होडीत बसल्यावर कंटाळत नाही. ते पक्ष्याकडे बघतच नाही, त्याच्या पायांजवळच्या पाण्याकडे बघतं. बुडबुडा आला का? पाणी हललं का? त्याच्यासाठी तो पुतळा राहत नाही, तो परीक्षेला बसलेला शिकारी होतो.

आणि ज्याने फक्त फोटो पाहिला आहे तो होडीवाल्याला सांगतो, "अजून जवळ घ्या, अजून जवळ." इथेच खरा धोका आहे. शूबिल पाण्यावरच्या वनस्पतींच्या ढिगावर घरटं करतो. अंडी सहसा दोन, पण बहुतेक वेळा एकच पिल्लू जगतं. जगभर या पक्ष्यांची संख्या काही हजारांतच आहे आणि संकटग्रस्त होऊ शकणाऱ्या जातींत त्याची नोंद आहे. अशा पक्ष्याला घरट्यावरून उठवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. म्हणून म्हणते, पाणी आधी समजलं की अंतर राखायला कुणी शिकवावं लागत नाही.

कोळ्यांचा अपशकून

मबांबाची दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते, आणि ती पॅकेजच्या माहितीपत्रकात एका ओळीत आटोपली जाते.

इथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे लोक राहतात. त्यांच्यात एक समज होता, सकाळी शूबिल दिसला की त्या दिवशी जाळ्यात काही लागत नाही. अपशकून! म्हणून दिसला की मारायचा. आपण वर्गात हे सांगितलं की मुलं लगेच म्हणतात, "काय अडाणी लोक आहेत!" इथेच शिक्षकाने थांबायला हवं. मांजर आडवं गेलं की आपल्याकडे पाऊल अडतं की नाही? आणि शिवाय विचार करा, शूबिलला हवा तोच फुप्फुसमासा त्या कोळ्यालाही हवा. दोघं एकाच जागी, एकाच माशासाठी उभे. मला तर वाटतं की जिथे पक्षी आहे तिथे आपला एक भागीदार आहे, ही रोजची अडचणच अपशकून होऊन बसली असावी.

मग हा समज कशाने बदलला? नुसत्या भाषणाने नाही. पक्षी बघायला लोक येऊ लागले, त्यांना होडी लागायची, वाट दाखवणारा लागायचा. पाण्याच्या वाटा कोळ्यांइतक्या कुणाला ठाऊक? गावातले लोक होड्या चालवू लागले, मार्गदर्शक म्हणून शिकले, संघटित झाले. ज्या पक्ष्यामुळे दिवस वाया जातो असं वाटायचं, त्याच पक्ष्यामुळे घरात चार पैसे येऊ लागले. अपशकून शकुनात बदलला.

युगांडात असं दुसरंही उदाहरण आहे. देशाच्या पश्चिमेला किबाले जंगलाजवळ बिगोडी नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी १९९२ मध्ये संस्था स्थापन केली आणि गावालगतची पाणथळ पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली. त्या उत्पन्नाच्या मदतीने गावात माध्यमिक शाळा उभी राहिली. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पाणथळ राखली आणि शाळा मिळाली!

म्हणजेच पाहुण्याचे पैसे कुणाच्या हातात पडतात यावर पक्ष्याचं जगणं अवलंबून आहे. सगळे पैसे दूरच्या कार्यालयात आणि मोठ्या हॉटेलात राहिले आणि होडीवाल्याला फक्त बक्षिसी मिळाली, तर उद्या पपायरस कापून शेती करणं त्याला जास्त फायद्याचं वाटेल. त्याला दोष तरी कसा द्यायचा? म्हणून 'पैसा कुठे जातो?' हा प्रश्न नियोजनाच्या वहीत पहिल्या पानावर हवा, शेवटच्या नाही.

मुलांच्या हाती द्यायचे पाच प्रश्न

आता प्रत्यक्ष वर्गात किंवा घरी हे कसं करायचं ते सांगते. पाचवीपासून पुढच्या मुलांना हे सहज जमतं. चार-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक प्रश्न द्या. तयार माहिती देऊ नका, फक्त नकाशा, दिनदर्शिका आणि शोधायला वेळ द्या.

पहिला प्रश्न: कधी जायचं? विषुववृत्ताजवळ आपल्यासारखे उन्हाळा-पावसाळा-हिवाळा नसतात. तिथे वर्षातून दोन पावसाळे, एक साधारण मार्च ते मे आणि दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबर ते नोव्हेंबर. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी त्यांच्या पावसात जाते आणि दिवाळीची सुट्टीही पावसातच! नाताळच्या सुमारास त्या मानाने कोरडं असतं. युरोप-आशियातून आलेले पाहुणे पक्षीही तेव्हा असतात. पण गंमत अशी की निळी भिंगरी नावाचा एक दुर्मीळ पक्षी उलट वेळापत्रक पाळतो. तो आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या गवताळ डोंगरांवर पिल्लं वाढवतो आणि तिकडे थंडी पडली की, म्हणजे साधारण एप्रिल ते सप्टेंबर, इकडे सरोवराकडे येतो. म्हणजे सगळं एकत्र मिळेल असा महिनाच नाही. काहीतरी सोडावं लागतं. हे मुलांनी स्वतः शोधून काढलं की स्थलांतराचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

दुसरा प्रश्न: किती वाजता? सोपा वाटतो, पण नाही. युगांडाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. शिवाय तिथे लुगांडा भाषेत वेळ सूर्योदयापासून मोजतात. 'सावा एमू', म्हणजे एक वाजता, असं कुणी म्हणालं तर ते आपले सकाळचे सात! दिवस-रात्र वर्षभर जवळजवळ सारखेच असल्यामुळे ही पद्धत तिथे छान जुळते. आपल्याकडेही पूर्वी घटका सूर्योदयापासूनच मोजत होते, हे मुलांना जरूर सांगा. पक्षी पाहायला सकाळची वेळ उत्तम, तेव्हा होडीवाल्याशी वेळ ठरवताना हा हिशेब पक्का हवा.

तिसरा प्रश्न: कशाने बघायचं? दुर्बिणीवर '८ बाय ४२' किंवा '१० बाय ४२' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ८ पट म्हणजे ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. मग १० पट जास्त चांगली नाही का? होडीत नाही. जेवढं मोठं दिसतं तेवढं हलतंही जास्त. हलणाऱ्या होडीत ८ पटच बरी. गणित आणि विज्ञान दोन्ही झाले, आणि पैसेही वाचले.

चौथा प्रश्न: ओळखीचे कोण भेटतील? हा माझा आवडता प्रश्न. मुलांना वाटतं आफ्रिकेत सगळंच नवं असणार. पण मबांबाच्या पाण्यावर आपला कवड्या खंड्या एका जागी फडफडत थांबलेला दिसतो. राखी बगळा, जांभळा बगळा, गायबगळे, हिवाळ्यात ठिपकेवाली तुतारी, सगळे भेटतात. कमळाच्या पानांवर चालणारा कमळपक्षी दिसतो, फक्त जात निराळी. आणि आपल्याकडच्यासारखीच तिथेही अंडी उबवण्यापासून पिल्लं सांभाळण्यापर्यंतची जबाबदारी बाबांवर! ही यादी केली की मुलांना दुसऱ्या खंडाबद्दल परकेपणा वाटत नाही. 'आमच्या तलावावरचा पक्षी तिथेही आहे' हे वाक्य एखाद्या मुलाने म्हटलं की समजायचं, भूगोल डोक्यात गेला.

पाचवा प्रश्न: शूबिल दिसलाच नाही तर? हा प्रश्न मोठी माणसं कधी विचारत नाहीत, म्हणून मुलांनी विचारायचा. प्राणी-पक्षी काही दुकानात मांडून ठेवलेले नसतात. न दिसण्याची शक्यता ज्यात धरलेली नाही ते नियोजन नव्हे, ती खरेदी झाली. मग त्या सकाळी दुसरं काय बघता येईल? पपायरसमध्येच राहणारा, काळ्या-लाल-पिवळ्या रंगांचा गोनोलेक. फुप्फुसमासा घेऊन येणारा कोळी. पपायरस कापून चटया विणणाऱ्या बाया. गटाने दुसरी योजना लिहायचीच, हा नियम करा.

मोठ्यांनी करायची कामं

ज्यांना खरोखर जायचं आहे अशा पालकांसाठी काही गोष्टी स्पष्ट लिहिते, कारण इथे हयगय चालत नाही.

पीतज्वराची लस घ्यावीच लागते. ती सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरलं जातं. म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. ते प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते, तेव्हा तो पिवळा कागद जपून ठेवा. लहान बाळ, गरोदर स्त्री किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. हिवतापाच्या गोळ्यांबद्दलही त्यांनाच विचारा.

सरोवराच्या काठच्या उथळ पाण्यात हातपाय बुडवू नका. गोगलगायींमार्फत पसरणारा एक कृमी त्वचेतून शरीरात शिरतो. मुलांना होडीतून पाण्यात हात सोडायची फार हौस असते, म्हणून हे आधीच समजावून सांगावं.

आणि एक वेगळीच सूचना. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना लष्करी ठिपक्यांचे कपडे घालायची आवड असते. युगांडात सामान्य नागरिकांना तसे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे. साधे मातकट, हिरवट कपडे घ्या. पक्ष्यांना तेवढं पुरतं.

होडी ठरवताना गावातल्या मार्गदर्शकांच्या संघटनेकडूनच ठरवा आणि ठरलेले पैसे तिथेच द्या. पक्षी दिसला की इंजिन बंद करायला सांगा. पुढचं अंतर बांबूने ढकलत गेलेलं बरं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावू नका. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत कुणी शिरलं, आणि तो पिल्लं सोडून भांडायला येतो. निघताना 'वेबाले' म्हणायला विसरू नका, लुगांडात त्याचा अर्थ धन्यवाद. हा शब्द मुलांनी म्हटला तर होडीवाल्याचा चेहरा खुलतो की नाही बघा.

"एवढ्या लांब कशाला?"

आता काही जण म्हणतील, "बाई, नांदूर मधमेश्वर अजून पाहिलं नाही आणि तुम्ही युगांडाच्या गोष्टी सांगताय!" आक्षेप रास्त आहे. विमानाचं जाऊन-येऊन दहा हजार किलोमीटर अंतर आणि त्याचा धूर हा निसर्गावरचाच बोजा आहे. बहुतेक घरांना तो खर्च झेपणारही नाही. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांना तर नाहीच.

म्हणूनच मी कागदावरच्या सहलीवर एवढा भर देते. तिला पैसे लागत नाहीत. आणि तिचा एक फायदा असा की अनोळखी जागेबद्दल आपण मोकळेपणाने प्रश्न विचारतो. गावच्या तलावाबद्दल कुणी विचारत नाही, कारण तो रोजचा. मबांबात पाणी कुठून येतं, तिथे कोण मासे धरतं, पपायरस कुणी कापला तर काय होईल, हे मुलं उत्साहाने शोधतात. मग मी तोच कागद उलटा करते आणि म्हणते, "आता हेच प्रश्न आपल्या तलावाला विचारा." तलावात कोण जाळं टाकतं? त्याला बगळ्यांबद्दल काय वाटतं? काठावर राडारोडा कोण टाकतं? पाणकणीस कापलं तर कुणाचं घर जाईल? हे विचारताना वर्ग एकदम शांत होतो, कारण आता उत्तर इंटरनेटवर नसतं. जाऊन माणसांनाच विचारावं लागतं.

पाणथळ म्हणजे निव्वळ पक्ष्यांचं घर नाही, हेही याच ओघात येतं. युगांडाची राजधानी कंपाला. तिथलं सांडपाणी नाकिवुबो नावाच्या पाणथळीतून जाऊन मग व्हिक्टोरिया सरोवरात मिळतं. तिथला पपायरस त्या पाण्यातली बरीच घाण शोषून घेतो. आणि शहराला प्यायचं पाणी त्याच सरोवरातून उचललं जातं! म्हणजे पपायरस कापला की घाण सरळ आपल्याच पेल्यात. युगांडाने १९८६ मध्येच पाणथळींचा मोठ्या प्रमाणावर निचरा करायला बंदी घातली. पुढे १९९५ च्या राज्यघटनेत पाणथळी सरकारने जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळाव्यात असं लिहिलं. तरीही शेती, विटा आणि बांधकामासाठी त्या बुजवल्या जातातच. कायदा कागदावर आणि भराव जमिनीवर, ही गोष्ट आपल्याला काही नवीन नाही.

राहिला प्रश्न ज्यांना खरंच जाता येतं त्यांचा. त्यांना माझी एवढीच विनंती. एकदाच जा, पण घाई करू नका. आठ दिवसांत आठ ठिकाणं आणि चारशे पक्षी असा हिशेब नको. मबांबाला एक सकाळ ठेवली असेल तर दोन ठेवा. दुसऱ्या सकाळी यादी हॉटेलवर ठेवून जा आणि फक्त बघा. परत आल्यावर मुलांनी शाळेत फोटो दाखवण्याआधी पाण्याची गोष्ट सांगावी, कोळ्याची सांगावी. पक्षी शेवटी.

शेवटी थोडंसं

आपण मुलांना 'प्रकल्प' देतो तेव्हा बहुतेक वेळा काय होतं, आपल्याला ठाऊक आहे. दुकानातून चित्रं आणायची, वहीत चिकटवायची, खाली तीन ओळी लिहायच्या आणि सजावटीचे गुण घ्यायचे. शूबिलचंही असंच एक चित्र चिकटवता येईल. पण ज्या मुलाने 'कधी जायचं' यावर गटात भांडण केलं, 'पैसा कुणाला मिळणार' हे विचारलं आणि 'दिसला नाही तर' याचं उत्तर स्वतः लिहिलं, त्याला पाणथळ कळली. असं मूल मोठं होऊन ग्रामपंचायतीत बसेल, नगरपालिकेत बसेल, किंवा तलावाकाठी घर घ्यायला जाईल. तेव्हा भराव टाकणाऱ्या डंपरकडे बघताना त्याला नुसती मोकळी जागा दिसणार नाही. तिथे कोण राहतं, कोण पोट भरतं आणि पाणी कुठे जातं, हे त्याच्या डोक्यात येईल.

येत्या २ फेब्रुवारीच्या आधी दोन तासिका यासाठी काढा. फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा, एक दिनदर्शिका आणि पाच प्रश्न, एवढंच सामान पुरे. आणि तिसरी तासिका गावच्या तलावावर घ्या.